‘यवन’ म्हणजे नेमके कोण?

प्राचीन ग्रंथांत जेथे ‘यवन’ आढळतात तेथे मुसलमानच अभिप्रेत असतात, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरत आला आहे. बखरींत आणि उत्तरकालीन संस्कृत लेखनात हा शब्द खरोखरच त्या अर्थाने येत असल्यामुळे असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु कालक्रम पाहिला की तो टिकत नाही. इस्लामचा उदय इसवी सनाच्या 7व्या शतकातला, तर अशोकाच्या 13व्या शिलालेखात, म्हणजे त्याच्या आठशेहून अधिक वर्षे आधी, अंतियोकाला ‘योनराजा’ म्हटले आहे, आणि हा अंतियोक सेल्युकसच्या वंशातला ग्रीक राजा होता. आशिया मायनरच्या पश्चिम किनाऱ्यावरील आयोनियन ग्रीकांना प्राचीन इराणी लेखांत ‘यौन’ म्हटलेले आहे. त्याच नावाचे संस्कृत रूप ‘यवन’ आणि प्राकृत रूप ‘योन’.

पडताळणीसाठी फार दूर जायला नको. कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही स्तंभांवर धेनुकाकट येथील यवनांच्या दानाचे ब्राह्मी लेख कोरलेले आहेत. त्यांपैकी काही दात्यांची नावे भारतीय वळणाची असल्याने ते सर्व जन्माने ग्रीकच होते का, याविषयी मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत.