‘आयटिस’मध्ये सूज आली कुठून?

दवाखान्यातून आणलेला कागद उलगडला की निदानाच्या ओळीत टॉन्सिलायटिस, ब्राँकायटिस, गॅस्ट्रायटिस असलं काहीतरी दिसतं. ‘आयटिस’ म्हणजे सूज, हे बहुतेकांना माहीत असतं. पण मुळात या प्रत्ययात सूज नव्हती, आजारसुद्धा नव्हता.

ग्रीकमध्ये ‘आर्थ्रॉन’ म्हणजे सांधा. त्याला हा प्रत्यय लागून ‘आर्थ्रायटिस’ झाला की अर्थ होतो नुसता ‘सांध्याची’. काय सांध्याची? तर ‘नोसोस’, म्हणजे व्याधी. नोसोस हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी. अगदी आपल्या ‘सांध्याची व्याधी’सारखं! पुढे नोसोस गळून पडला आणि विशेषण एकटंच उरलं. यात आपल्याला परकं वाटावं असं काही नाही. ‘आजीला गुडघ्याचं आहे’ म्हटलं की ‘दुखणं’ हा शब्द उच्चारावा लागत नाही.

लाली, सूज, ऊब आणि ठणका ही दाहाची, म्हणजे आपण ढोबळपणे नुसती ‘सूज’ म्हणतो त्याची, चार लक्षणं रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकातच नोंदवली होती. नखाच्या कडेला पिकलेलं बोट पाहा, चारही एका जागी दिसतील. ‘आयटिस’ची गाठ या दाहाशी पक्की बसली ती फार नंतर, अठराव्या शतकात रोगांची वर्गवारी करणाऱ्या युरोपीय वैद्यांच्या हातून. मग प्रत्यय मोकळा सुटला आणि कुठल्याही अवयवाला लागू लागला.

अपेंडिसायटिस हा असाच घडवलेला शब्द: धड लॅटिन, शेपूट ग्रीक. बोस्टनचे डॉक्टर रेजिनाल्ड फिट्झ यांनी 1886 साली तो रूढ केला. शब्दापेक्षा त्यामागचं म्हणणं मोलाचं होतं. पोटात उजवीकडे खाली होणाऱ्या त्या जीवघेण्या दुखण्याचा दोष तोवर मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला दिला जाई. फिट्झ यांनी दाखवलं की खरं मूळ बहुधा त्याला लोंबणाऱ्या बारीक आंत्रपुच्छात, म्हणजे अपेंडिक्समध्ये असतं, म्हणून शस्त्रक्रिया वेळेत करा. नेमक्या नावाने नेमकी जागा दाखवली. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाचा, हा शब्द ज्यात यायला हवा तो भाग आधीच, 1885 मध्ये निघाला होता. त्यात हा शब्द नव्हता. 1902 च्या जूनमध्ये याच दुखण्यामुळे ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक ऐन दोन दिवसांवर असताना पुढे ढकलावा लागला, आणि शब्द घरोघरी पोचला.

मात्र हाच प्रत्यय दिशाभूलही करतो, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ‘टेनिस एल्बो’त कोपराजवळचा स्नायुबंध (टेंडन) दुखतो, त्या दुखण्याला ‘टेंडिनायटिस’ म्हणायची पद्धत पडली. जुनाट दुखण्यातला ऊतक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर दाहाच्या पेशी फारशा सापडल्या नाहीत. दिसले ते झिजलेले, विस्कटलेले तंतू. म्हणून आता अनेक तज्ज्ञ ‘टेंडिनोसिस’ किंवा ‘टेंडिनोपथी’ म्हणतात, आणि नुसत्या सूज उतरवणाऱ्या गोळ्यांवर न थांबता स्नायूला हळूहळू भार देणारे व्यायाम सांगतात.