व्रोत्सवाफ: रील्समधल्या बुटक्यांच्या मागचं शहर

युरोप टूरच्या यादीत व्रोत्सवाफचं नाव कुणी आपणहून घालत नाही. पोलंडला जायचंच झालं तर क्राकुफ, फार तर वॉर्सा, की झालं. पण गेल्या काही वर्षांत आपली बरीच मुलं तिकडे शिकायला आणि आयटीत नोकरीला गेलीत, मग त्यांचे आईबाबा जाऊन येतात, आणि आल्यावर सगळ्यांच्या फोनमध्ये तेच फोटो असतात: रंगीत घरांचा मोठा चौक, नदीवरचे पूल, आणि फुटपाथवरचे ते वीतभर उंचीचे ब्राँझचे बुटके, कुणी झोपलाय, कुणी एटीएमशी खटपट करतोय. बरोबर ठरलेलं वाक्य, "अगं, एवढं सुंदर असेल असं वाटलंच नव्हतं."

सुंदर आहेच, वाद नाही. पण त्या सौंदर्याचा हिशोब जरा वेगळा आहे. ऐंशी वर्षांपूर्वी हे शहर जर्मन होतं, नाव ब्रेस्लाऊ, आणि दोन-तीन वर्षांच्या आत त्यातली जवळपास सगळी माणसं जाऊन दुसरीच माणसं आली. भिंती त्याच (जेवढ्या उरल्या तेवढ्या), माणसं नवी. आज जे 'क्यूट' दिसतं त्यातलं बरंचसं या एका गोष्टीतून आलंय, म्हणून ही थोडी लांबड.

मागचा इतिहास भराभर सांगतो. ओडर नदीच्या फाट्यांमधल्या बेटांवर वस्ती, इ.स. १००० मध्ये इथे बिशपची गादी आली, १२४१ मध्ये मंगोल येऊन गेले, मग चौक नव्याने आखला गेला तो आजचा रिनेक. पुढे १३३५ पासून बोहेमियाचं राज्य, १५२६ पासून ऑस्ट्रियाचं हाब्सबुर्ग राजघराणं, १७४० च्या दशकात प्रशिया हे जर्मन राज्य, आणि शेवटी जर्मनी. म्हणजे मालक सारखे बदलत होते, पण माणसं तिथेच राहायची. व्यापाराचं, विद्येचं शहर. इथल्या विद्यापीठात १८३३ पासून स्टेन्झलर नावाचे प्राध्यापक संस्कृत शिकवायचे, रघुवंश आणि याज्ञवल्क्यस्मृती या दोन्हींच्या त्यांनी केलेल्या आवृत्त्या आहेत. भौतिकशास्त्रातले माक्स बॉर्न इथे जन्मले, तेच जे नंतर नाझींमुळे देश सोडून निघाले आणि १९३५-३६ मध्ये सी. व्ही. रामन यांच्या बोलावण्यावरून काही महिने बंगळुरूला येऊन राहिले. ज्यू समाज मोठा होता, त्यांचं नवं सिनेगॉग १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये जाळलं, पुढे काय झालं ते वेगळं सांगायला नको.

१९३९ साली लोकसंख्या सव्वासहा लाखांच्या आसपास. युद्धात बॉम्बिंग इथपर्यंत फारसं पोचलं नव्हतं म्हणून बाकीच्या जर्मनीतून लोक इथे आसऱ्याला येत होते. मग ऑगस्ट १९४४ मध्ये हिटलरने ब्रेस्लाऊ 'किल्ला' जाहीर केलं, म्हणजे शरण जायचं नाही. जानेवारी १९४५ मध्ये, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, बायकामुलांना पायी बाहेर पडायचा हुकूम निघाला, वाटेत हजारो मेली. फेब्रुवारीच्या मध्यावर सोव्हिएत फौजांचा वेढा पूर्ण झाला. आणि इथला नाझी प्रमुख कार्ल हान्के, त्याने शहराच्या मधोमध विमानं उतरवायला धावपट्टी हवी म्हणून एक आख्खा रुंद रस्ता, दोन्ही बाजूंची घरं, चर्च सगळं सुरुंग लावून पाडलं, आणि मलबा उचलायला सामान्य लोकांना लावलं, वरून गोळीबार चालू असताना. २ मेला बर्लिन पडलं तरी हे लढतच होते. ६ मेला शरणागती, त्याच्या आधी हान्केसाहेब स्वतः एका छोट्या विमानात बसून पसार. तेव्हा शहराचा साधारण ७० टक्के भाग उद्ध्वस्त झाला होता.

ती धावपट्टी म्हणजे आजचा ग्रुनवाल्दस्की चौक. मॉल, ट्रामचं जंक्शन, आणि १९७० च्या दशकात बांधलेले काँक्रीटचे उंच टॉवर ज्यांच्या गोलसर बाल्कन्यांमुळे गावातले लोक त्यांना कमोडची सीट म्हणतात. माझं मत विचाराल तर ते टॉवर रिनेकपेक्षा जास्त प्रामाणिक आहेत, पण ते नंतर.

आता खरी गोष्ट. १९४५ मध्ये याल्टा आणि पॉट्सडॅमच्या परिषदांत दोस्त राष्ट्रांनी ठरवलं की पोलंड हा देशच उचलून पश्चिमेला सरकवायचा. पूर्वेकडचा भाग, ल्वुफ शहरासकट (आजच्या युक्रेनमधलं लिव्हिव), स्टालिनने घेतला, आणि बदल्यात पोलंडला जर्मनीचा पूर्व भाग. जर्मनांना गाड्यांत घालून पश्चिमेला पाठवलं, पूर्वेकडून आणि मध्य पोलंडमधून पोलिश लोक आले. काही महिने तर एकाच घरात दोन्ही कुटुंबं, एका खोलीत जाणारे जर्मन आणि दुसऱ्या खोलीत आलेले पोलिश. ताटल्या त्यांच्याच, पलंग त्यांचाच, नळावर थंड-गरम लिहिलेलं जर्मनमध्ये.

आपल्याकडे फाळणी झाली तेव्हाचं हेच चित्र. आणि ही नुसती तुलना नाही, एक धागा थेट कोल्हापूरला येतो. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सरकारने पूर्व पोलंडमधून ज्या लाखो लोकांना सैबेरियात हाकललं, त्यातले सुटलेले काही इराणमार्गे भारतात आले आणि १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत साधारण पाच हजार जण राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, नाटकं, स्काउट, सगळं होतं तिथे. युद्ध संपलं तेव्हा त्यांना कळलं की आपलं गाव आता पोलंडमध्येच नाही. काही पोलंडला परतले, कित्येक जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया असे पांगले. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली, आणि त्या बराकींमध्ये कोण आलं? फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित. तेच आजचं गांधीनगर, जिथे आपण लग्नाच्या कपड्यांच्या होलसेल खरेदीला जातो. तर ज्या नकाशाने ब्रेस्लाऊचं व्रोत्सवाफ केलं त्याच नकाशाने वळिवड्याच्या पोलिश बायकांची परतीची वाट बंद केली.

व्लॉगवाले एक गोष्ट नेहमी सांगतात की 'आख्खं ल्वुफ उचलून इथे आणलं'. तसं नाहीये. आलेल्यांमध्ये मध्य पोलंडमधले, खेड्यातले लोकच जास्त होते, ल्वुफचे थोडे. पण जे थोडे आले ते प्राध्यापक, डॉक्टर, ग्रंथपाल, आणि शहराला त्यांनी आपला सूर दिला. विद्यापीठाचे पहिले पोलिश रेक्टर ल्वुफचेच. ल्वुफच्या एका कॅफेत गणितज्ञ मंडळी वहीत अवघड प्रश्न लिहायची आणि सोडवणाऱ्याला कधी वाइनची बाटली तर एकदा चक्क जिवंत बदक-हंस असलं बक्षीस ठेवायची, त्यातल्या ह्यूगो स्टाइनहाउसने व्रोत्सवाफला येऊन १९४६ मध्ये नवी वही सुरू केली. ऑसोलिनेउम हे मोठं ग्रंथालय, त्याचा एक भाग १९४६-४७ मध्ये रेल्वेच्या वॅगनींमधून आला, उरलेला तिकडेच राहिला.

रिनेकमध्ये खुर्चीत बसलेल्या एका गृहस्थाचा पुतळा आहे, हातात लेखणी आणि कागद, सगळे त्याच्याखाली भेटायची वेळ ठरवतात. तो अलेक्सांदर फ्रेद्रो, पोलिश विनोदी नाटककार. पुतळा १८९७ चा, मूळचा ल्वुफच्या चौकातला, इथे बसवला १९५६ मध्ये, आणि कुठे, तर जिथे युद्धापूर्वी प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा घोड्यावर बसून होता बरोब्बर तिथे. राजाच्या जागी नाटकवाला, हे मला तरी आवडलं.

दुसरं म्हणजे रात्सवावित्सेचं पॅनोरमा. १५ मीटर उंच आणि ११४ मीटर लांब एकच गोल चित्र, १८९३-९४ मध्ये ल्वुफमध्ये काढलेलं, तुम्ही मध्ये उभे आणि चहूकडे लढाई. चित्राच्या कडेशी खरी माती, मोडकं कुंपण, गाडीचं चाक असं मांडलंय की खरं कुठे संपतं आणि रंग कुठे सुरू होतो ते डोळ्याला पटकन सापडत नाही. लढाई १७९४ ची, पोलिश सेनानी कोश्च्युश्को आणि विळे-कोयत्यांचे भाले केलेले शेतकरी रशियन सैन्याला हरवतात. आता रशियाला हरवलेलं चित्र सोव्हिएत छायेतल्या देशात कोण दाखवणार? १९४६ ला आलेला तो कॅनव्हास जवळजवळ चाळीस वर्षं गुंडाळी करून पडला, लोकांपुढे आला जून १९८५ मध्ये. (जाणार असाल तर तिकीट ठराविक वेळेचं असतं, सुट्टीच्या दिवशी आधीच काढा.)

मग इतकं सगळं असून शहर लोकांना आपलं का वाटत नव्हतं? कारण सरहद्द पक्की आहे याचीच खात्री नव्हती. पश्चिम जर्मनीने ती मान्य केली १९७० मध्ये, आणि एकत्र झालेल्या जर्मनीशी अंतिम करार झाला नोव्हेंबर १९९० मध्ये. तोवर जर्मन कधीही परत येतील अशी धास्ती. भाड्याच्या घरात माणूस भिंतीला खिळा ठोकताना पण दहादा विचार करतो, तसं शहर चाललं होतं. सरकारलाही माया नव्हती, इथल्या विटा काढून वॉर्साच्या बांधकामाला पाठवल्या, दुरुस्त होण्यासारख्या इमारतीसुद्धा पाडून. दुसरीकडे जर्मन खुणा पुसायची मोहीम: पाट्या खरवडा, रस्त्यांची नावं बदला, जर्मन कबरस्तानं सपाट करा. रिनेकची घरं १९५० च्या दशकात पुन्हा उभी केली तीही निवडून, प्रशियाचा काळ जितका कमी दिसेल तितका बरा अशी. आज ज्याला आपण 'मध्ययुगीन चौक' म्हणून सेल्फी काढतो त्यातलं पुष्कळ बांधकाम आपल्या आजोबांच्या वयाचं आहे. टाऊन हॉल मात्र खरा जुना, आणि त्याच्या तळघरात १२७३ पासूनची म्हणून सांगतात ती बियरची पिवनित्सा, म्हणजे तळघरातला बियरचा गुत्ता.

मध्येच एक भारतीय प्रकरण, तेही देवीचं. १९६३ मध्ये सुरक्षा खात्याचा एक अधिकारी भारतातून परतला आणि शहरात देवीची साथ आली, ९९ जणांना लागण, ७ मृत्यू, मरणारांत दवाखान्यातली माणसं जास्त. शहराच्या वेशी बंद, लस टोचल्याचा दाखला असल्याशिवाय बाहेर सोडत नव्हते. २०२० मध्ये तिथल्या म्हाताऱ्यांना हे सगळं आठवलं असणार.

आता बुटके. डिसेंबर १९८१ मध्ये पोलंडमध्ये मार्शल लॉ लागला. व्रोत्सवाफ हा सॉलिडॅरिटी या सरकारविरोधी कामगार संघटनेचा बालेकिल्ला, इतका की मार्शल लॉ लागू व्हायच्या दहा दिवस आधी इथल्या कार्यकर्त्यांनी संघटनेचे ८ कोटी झ्लॉटी बँकेतून रोख काढून थेट आर्चबिशपकडे ठेवायला दिले. रात्री लोक भिंतींवर सरकारविरोधी घोषणा लिहायचे, सकाळी पोलीस त्यावर रंग फासून जायचे, सगळ्या गावात नुसते रंगाचे ठिपके. १९८२ च्या ऑगस्टपासून वाल्देमार फिद्रिख आणि मित्रांनी काय केलं, तर त्या ठिपक्यांवर टोपीवाले बुटके रंगवायला लागले. ना घोषणा ना शिवी, आता पकडायचं कशासाठी? ही त्यांची चळवळ, ऑरेंज अल्टरनेटिव्ह. १९८७ मध्ये त्यांनी श्फिदनित्सका रस्त्यावर टॉयलेट पेपर वाटला, कारण दुकानात तो मिळतच नव्हता, आणि १ जून १९८८ ला हजारो लोक नारिंगी टोप्या घालून बुटके बनून निघाले. पोलिसांना बुटके उचलून गाडीत घालावे लागले, आणि गर्दी हसतेय. सरकारची भीती गेली याला भाषणांइतकंच हे कारणीभूत आहे असं मला वाटतं.

त्याच रस्त्यावर २००१ मध्ये एक मोठा ब्राँझचा बुटका उभारला, त्या आंदोलनाची आठवण म्हणून. २००५ मध्ये तोमाश मोचेक या शिल्पकाराने छोटे केले, ते पर्यटकांना इतके आवडले की आता शेकड्यांनी आहेत, प्रत्येक हॉटेल, बँक, दुकान आपापला बुटका बसवतंय. जाहिरातच ती. पण मूळ बुटका कशाचा होता हे शोधत फिरणाऱ्या शंभरातल्या पाच जणांना माहीत असलं तरी पुष्कळ.

शहराशी खरं नातं जुळलं ते जुलै १९९७ च्या महापुरात, असं तिथले लोकच सांगतात. ओडर चढली, सरकारी यंत्रणा गोंधळली, आणि माणसं आपणहून रस्त्यावर आली, कॅथेड्रलच्या बेटाभोवती वाळूची पोती रचली, ऑसोलिनेउममध्ये रांग करून पुस्तकं हातोहात वरच्या मजल्यावर नेली. जर्मनांनी बांधलेल्या वास्तू, ल्वुफहून आलेली पुस्तकं, आणि वाचवणारी इथेच जन्मलेली पोरं. सगळंच काही गोड नव्हतं म्हणा, शहर वाचवायला वरच्या अंगाला बांध फोडायचं ठरलं तेव्हा तिथल्या गावकऱ्यांनी बांधावर उभं राहून अडवलं, आणि का नाही अडवणार? कोझानुफ ही वसाहत बुडाली ती तर पाण्याच्या जागेवर, नदीकाठच्या कुरणात बांधलेली. जर्मनांनी ती जागा मोकळी ठेवली होती.

त्यानंतर मात्र जर्मन भूतकाळाची लाज किंवा भीती कमी होत गेली. खरं तर सुरुवात फार आधी झालेली, १९६५ मध्ये पोलिश बिशपांनी जर्मन बिशपांना 'आम्ही क्षमा करतो आणि क्षमा मागतो' असं पत्र पाठवलं, ते लिहिणारे इथलेच बोलेस्वाव कोमिनेक, आणि सरकारने तेव्हा त्यांच्यावर आगपाखड केली होती. आता त्यांचा पुतळा आहे. नादोद्रे भागात जुन्या घरांचं प्लास्टर पडलं की खालून जर्मन दुकानांची अक्षरं निघतात, आता ती कुणी खरवडत नाही, उलट जपतात. २००८ मध्ये ग्राबिशिन्स्की पार्कात जुन्या जर्मन थडग्यांचेच दगड लावून एक भिंत उभारली, शहरातल्या नाहीशा झालेल्या कबरस्तानांच्या स्मरणार्थ. रिनेकपासून ट्रामने जाता येतं, टूरवाले नेत नाहीत.

आणि २०२२ पासून शहरात युक्रेनहून आलेल्यांची संख्या प्रचंड वाढलीये, त्याआधीही कामाला येणारे पुष्कळ होतेच. त्यात लिव्हिवचेही आहेत. फ्रेद्रोच्या पुतळ्याखाली त्यांचीही भेटायची वेळ ठरते.