प्रिगॅबलिन नसांचं टॉनिक नव्हे

'नसांची गोळी आहे, नसा मजबूत होतात,' असं प्रिगॅबलिनबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं जातं. नाही होत. ही गोळी नसेतल्या कॅल्शियमच्या वाटांना चिकटून वेदनेचे संदेश मंदावते. खराब झालेली नस दुरुस्त करत नाही. (आपल्याकडे तिच्यासोबत एकाच गोळीत नसांना लागणारं बी-१२ जीवनसत्त्वही घालतात, गैरसमजाचं मूळ बहुधा तिथेच.) मधुमेहातल्या पायांच्या जळजळीवर काहींना तिचा उपयोग होतो. सायटिकाचं, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या नसेच्या दुखण्याचं, मात्र वेगळं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, ऑस्ट्रेलियातल्या २०९ रुग्णांवरच्या चाचणीत ती औषध नसलेल्या, तुलनेसाठी दिलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. चक्कर तेवढी जास्त आली. उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनमधल्या 'नाइस' संस्थेनेही २०२० मध्ये सायटिकासाठी ती देऊ नका, असं सांगितलं. चालू असेल तर मनाने एकदम थांबवू नका. डोस डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या.