हाडं ठिसूळ असतील तर ‘व्हिटॅमिन डी’चा रिपोर्ट कसा वाचाल?

“डी बारा आलंय, म्हणजे हाडं गेली का हो?” रिपोर्ट हातात पडला की आमच्या लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न हमखास येतो. तसं नसतं. हाडं किती विरळ झालीत ते डेक्सा स्कॅनमध्ये, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रेमध्ये कळतं. तिथे टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. रक्तातलं डी सांगतं ते वेगळं: खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागायची सोय आहे की नाही. डी फार कमी असेल तर दूध-नाचणीतल्या कॅल्शियमपैकी जेमतेम १० ते १५ टक्के रक्तात जातं, पुरेसं असेल तर ३० ते ४० टक्के. रक्ताला तर कॅल्शियम लागतंच, मग शरीर ते हाडातून काढतं. आधीच ठिसूळ झालेल्या हाडांना ही उचल परवडत नाही.

रिपोर्टवर ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’समोरचा आकडा (नॅनोग्राम प्रति मिलिलिटरमधला) बघा. साधारणपणे २० च्या खाली कमतरता, २० ते ३० अपुरं. हाडं ठिसूळ असलेल्यांचं ३० च्या वर असावं, असं बरेच डॉक्टर सांगतात. या तपासणीला उपाशीपोटी यावं लागत नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधी सांगा. काही मशीनवर त्यामुळे डी खोटंच जास्त दिसतं.

वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं किंवा सहा महिन्यांनी टोचायचं हाडांचं इंजेक्शन ठरलं असेल, तर डी आणि कॅल्शियमची तपासणी त्याआधी करा. डी कमी असताना ते घेतलं तर रक्तातलं कॅल्शियम उतरू शकतं; ओठांभोवती मुंग्या येतात, हातापायांत गोळे येतात.

आता डीच्या पुडीबद्दल. मनगट प्लास्टरमध्ये असलेल्या एक आजी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून ६०,००० युनिटच्या पाच रिकाम्या पुड्या काढून टेबलावर ठेवल्या. पाच दिवसांत पाच! डॉक्टरांनी आठवड्याला एक सांगितली होती, घरी ती रोजची झाली. आम्ही लगेच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. डी पाण्यावाटे निघून जात नाही, अंगातल्या चरबीत साठतं. फार साठलं की रक्तात कॅल्शियम वाढतं: मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, मूत्रपिंडावर ताण. म्हणून पुडीचा वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा. जेवणानंतर, दुधातून घेतलेली चांगली. मुतखडा किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही घेऊ नका.

ऊन तर आपल्याकडे भरपूर, मग डी कमी कसं? सकाळच्या कोवळ्या उन्हात डी तयार करणारे किरण फारच थोडे असतात. ते सूर्य वर आल्यावर, साधारण ११ ते २ च्या सुमारास मिळतात. खिडकीच्या काचेतून ते आत येत नाहीत. सावळ्या कातडीला वेळ जास्त लागतो आणि वयाबरोबर कातडीची डी बनवण्याची ताकदही घटते. त्यामुळे डीच्या आशेने सत्तरीतल्या माणसाला उन्हाळ्यात भर दुपारी गच्चीवर बसवू नका, चक्कर येऊन पडले तर खुबाच मोडायचा.

पुड्या सुरू झाल्या की पुढची तपासणी तीन महिन्यांनी. पंधरा दिवसांत करायला आलात तर आम्हीच परत पाठवू. आकडा तोवर स्थिरावलेला नसतो आणि तुमचे पैसे जातात. येताना जुना रिपोर्ट आणि चालू औषधांची चिठ्ठी घेऊन या.