पाटील (आडनाव)

पाटील : गावच्या प्रमुखाच्या पदावरून रूढ झालेले आडनाव. महाराष्ट्रात सगळीकडे आणि उत्तर कर्नाटकातही ते आढळते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत, त्यातही कराडपासून मिरजेपर्यंतच्या कृष्णाकाठी, ते इतके दाट आहे की नुसते ‘पाटील’ सांगून माणसाची ओळख पटत नाही. ‘कुठले पाटील?’ असे लगेच विचारले जाते आणि गाव कळले की पाठोपाठ ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न येतो. या दुसऱ्या प्रश्नात आडनावाचा सगळा इतिहास सामावला आहे. पाटील हे कुळाच्या नावावर चढलेले पदाचे नाव आहे. पद कायद्याने गेले, नाव राहिले, आणि पुष्कळ घरांत त्याच्याखालचे जुने नाव अजून शाबूत आहे.

शब्दाची व्युत्पत्ती सहसा ‘पट्टकिल’ या शब्दापर्यंत नेली जाते. माळव्याच्या परमार राजांच्या दहाव्या-अकराव्या शतकांतील ताम्रपटांत दानाची वार्ता गावकऱ्यांना कळवताना ‘पट्टकिल’ आणि ‘जनपद’ यांना उद्देशून मजकूर येतो. पट्ट म्हणजे राजाज्ञेचा किंवा जमिनीचा लेख, आणि तो ज्याच्या हाती तो पट्टकिल, असा अर्थ लावतात. पट्टकिलचे पाटैल, पाटेल आणि मग पाटील झाले. गुजरातीतले ‘पटेल’ याच शब्दाचे भावंड. त्याआधी दक्षिणेत गावप्रमुखाला वेगळी नावे होती. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत ‘ग्रामकूट’ आणि ‘महत्तर’ येतात, तर त्याहून जुन्या गाथासप्तशतीत ‘गामणी’ म्हणजे ग्रामणी भेटतो. बहमनी आणि आदिलशाही अमलात कागदोपत्री ‘मोकदम’ हा फारसी शब्द आला आणि मोडी कागदांत तो पुढे मराठेशाहीतही टिकला. गावकऱ्यांच्या तोंडी मात्र पाटीलच राहिला.

पाटलाचे काम गावाच्या काळी-पांढरीशी बांधलेले होते. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्ती. सारा वसूल करणे, पडीक जमीन लागवडीस आणणे, नव्या कुळांना कौल (सवलतीचे लेखी आश्वासन) देऊन वसवणे, तंटे मिटवणे, चोरीचा माग काढणे ही सगळी जबाबदारी त्याची. लिहिण्याचे काम कुलकर्ण्याकडे, मदतीला चौगुला. सांगली-कोल्हापूरकडची चौगुले ही आडनावे याच दुसऱ्या पदावरून आली. या चाकरीच्या मोबदल्यात पाटलाला इनाम जमीन असे आणि त्याशिवाय हक्क-लाजिमे म्हणजे रिवाजाने मिळणाऱ्या प्राप्ती व मानपान. होळीला पहिली पोळी पाटलाची, बेंदराच्या मिरवणुकीत पुढे बैल पाटलाचे, लग्नकार्यात पहिला विडा पाटलाला. हे मान वरवर किरकोळ दिसतात, पण त्यांच्यापायी भावकीभावकीत पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालले. धान्याचा हक्क एकवेळ सोडून देता येई. पोळीचा मान सोडणे म्हणजे आपण धाकटे असल्याची चारचौघांत कबुली देणे होते.

वतनाच्या म्हणजे वंशपरंपरेच्या हक्काच्या महजरांवर (निवाड्याच्या कागदांवर) पाटील सहीऐवजी नांगराची निशाणी करत असे. ही निशाणी मला या पदाची सगळ्यात खरी ओळख वाटते. गावाचा कारभारी असला तरी तो मुळात शेतकरी होता. पुष्कळ पाटलांना अक्षरओळख नव्हती आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे, कारण लेखणी ही कुलकर्ण्याची निशाणी होती.

आता आडनावाचा मुद्दा. मराठेशाहीच्या काळात पाटील हे पदनाम होते आणि त्या माणसाचे आडनाव वेगळे असे. शिवाजी महाराजांच्या सर्वांत प्रसिद्ध आज्ञापत्रांपैकी एक 1646 सालचे आहे. त्यात बदअमल म्हणजे गैरवर्तन केल्याबद्दल रांझे गावच्या पाटलाला हातपाय तोडण्याची शिक्षा दिल्याचे नमूद आहे. त्या पाटलाचे नाव बाबाजी भिकाजी गुजर, आणि त्याच्यानंतर पाटीलकी मिळाली तीही गुजर घराण्यातल्याच सोनजीला. आडनाव गुजर, पद पाटील, असा सरळ हिशेब होता.

सातारा जिल्ह्यातले याचे उदाहरण अधिक बोलके आहे. कोरेगाव तालुक्यातल्या कण्हेरखेडची पाटीलकी शिंद्यांकडे होती. त्याच घराण्यातले महादजी शिंदे उत्तर हिंदुस्थानात सर्वाधिक बलाढ्य झाले. 1784 मध्ये मोगल बादशहाने ‘वकील-इ-मुत्लक’ म्हणजे बादशहाच्या सर्वाधिकारी प्रतिनिधीचा कारभार त्यांच्या हाती दिला. तरीही ते स्वतःला पाटील म्हणवत राहिले आणि लोक त्यांना ‘पाटीलबाबा’ म्हणत. याचा अर्थ निव्वळ नम्रपणा असा लावणे मला पुरेसे वाटत नाही. सरदारकी, जहागीर, किताब हे सारे धन्याच्या मर्जीवर अवलंबून असे. धनी बदलला की तेही जाई. पाटीलकी मात्र वतन होती. ती बापाकडून मुलाकडे जाई, तिला गावाच्या गोताची (गावसभेची) साक्ष असे आणि राजा बदलला तरी ती सहसा हलत नसे. बादशहाकडून मिळालेल्या अधिकारापेक्षा कण्हेरखेडचे वतन पक्के होते, हे महादजींना नीट ठाऊक होते. आणि तरीही त्यांच्या वंशजांचे आडनाव शिंदेच राहिले, पाटील झाले नाही.

मग लाखो घरांचे आडनाव पाटील कसे झाले? याचे उत्तर वतनाच्या वाटणीत आहे. वतन घराण्याचे असल्याने त्यात सगळ्या भावांचा वाटा असे. पाटीलकी निम्मी-निम्मी होई, तिच्या तक्षिमा म्हणजे वाटे पडत, दुष्काळात किंवा कर्जापायी तिचा हिस्सा विकलाही जाई. प्रत्यक्ष चाकरी एक जण करी, पण हक्काने सगळेच पाटील. 1848 मध्ये सातारचे राज्य खालसा झाले आणि इंग्रजी अंमल थेट आला. पुढे 1874 च्या मुंबई वतन कायद्याने वतनदारांची नोंदवही, चाकरी करणारा प्रतिनिधी वतनदार आणि भाऊबंदांच्या पाळ्या यांची रीतसर व्यवस्था लावली. मुलकी पाटील आणि पोलीस पाटील असे कामाचे दोन भागही झाले. जमिनीच्या उताऱ्यावर, शाळेच्या दाखल्यावर, फौजेच्या भरतीत प्रत्येकाला एक कायमचे आडनाव द्यावे लागले, तेव्हा ज्या भावकीला गाव ‘पाटलाची भावकी’ म्हणत होते तिने पाटील लावले. चाकरीची पाळी ज्यांच्याकडे कधीच आली नाही अशी घरेही त्यात आली. काहींनी दोन्ही नावे जोडून ठेवली आणि मोहिते-पाटील, जाधव-पाटील, पवार-पाटील अशी जोडआडनावे झाली. काहींनी शिंद्यांप्रमाणे कुळाचेच नाव चालवले. म्हणूनच सातारा जिल्ह्याच्या उत्तर भागात पाटीलकी असलेली पुष्कळ घराणी कागदावर शिंदे, जाधव, भोसले अशी दिसतात, आणि दक्षिणेला कराडच्या खाली उतरले की गावेच्या गावे पाटलांची लागतात.

या पदाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय नोंद पुरी होणार नाही. पाटलाच्या वाड्यासमोर सगळा गाव सारखा नव्हता. महार वतनदारांना गावकीच्या नावाखाली रात्रंदिवस राबवून घेतले जाई आणि त्या कामाचा हुकूम बहुधा पाटलाच्या चावडीतून सुटे. बाबासाहेब आंबेडकर यांचे बालपणीचे शिक्षण साताऱ्यात झाले. 7 नोव्हेंबर 1900 रोजी ते तिथल्या सरकारी शाळेत दाखल झाले. पुढे 1928 मध्ये त्यांनी याच 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. वतन म्हणजे पाटलासाठी मान होता आणि महारासाठी बेडी होती, हे त्यांनी कायद्याच्या भाषेत मांडले. आजही कोणी अरेरावी करू लागला की ‘पाटीलकी करू नको’ किंवा ‘बापाची पाटीलकी लागून गेली का?’ असे म्हणतात. ज्यांनी ती सोसली त्यांची आठवण या बोलीत मुरलेली आहे.

स्वातंत्र्यानंतर वतने टप्प्याटप्प्याने संपली. परगणा व कुलकर्णी वतने 1950 च्या कायद्याने, महार वतनांसारखी कनिष्ठ वतने 1958 च्या कायद्याने आणि मुलकी पाटलाचे पद 1962 च्या कायद्याने रद्द झाले. सारावसुली व दप्तर तलाठ्याकडे गेले. पोलीस पाटील हे पद राहिले. 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली ते नेमणुकीचे व मानधनाचे झाले आणि त्यात वारसाहक्क उरला नाही. त्यामुळे आज एखाद्या गावात कांबळे, मुलाणी किंवा शेळके पोलीस पाटील असतात, अनेक गावांत बायका हे काम करतात, आणि पाटील आडनावाचा मनुष्य त्यांच्याकडे दाखला मागायला जातो. पद आणि आडनाव आता पुरते वेगळे झाले आहेत.

हे आडनाव एका जातीचे नाही, हे बाहेरच्या माणसाला बरेचदा ठाऊक नसते. मराठा पाटील सर्वांत जास्त आहेत हे खरे. पण मिरज आणि वाळवा तालुक्यांत कृष्णा-वारणेच्या काठी जैन पाटील मोठ्या संख्येने आहेत, जत-मिरजेकडे लिंगायत पाटील आहेत, शिवाय धनगर आणि मुसलमान पाटीलही आहेत. ज्या गावात ज्या समाजाने वस्ती केली वा जमीन धरली, त्याच्याकडे पाटीलकी गेली. जैन आणि लिंगायत घरांत जुन्या पिढीची नावे पायगोंडा, बाळगोंडा, दादगोंडा, भीमगोंडा अशी असत. यातला ‘गोंडा’ म्हणजे कानडीतला गौड किंवा गौडा, आणि त्याचाही अर्थ गावप्रमुख असाच. म्हणजे बाळगोंडा पाटील या नावात गावचा प्रमुख दोनदा येतो, एकदा कानडीत आणि एकदा मराठीत. सीमाभागातल्या भाषांची सरमिसळ इतक्या थोडक्यात दुसरीकडे क्वचितच दिसेल. महाराष्ट्रात इतरत्र खानदेशात लेवा व मराठा, ठाणे-रायगडकडे आगरी व कोळी समाजांत हे आडनाव पुष्कळ आहे. त्या पाटलांचा सातारा-सांगलीच्या पाटलांशी रक्ताचा संबंध नाही, फक्त पदाचा आहे.

आजचा सांगली जिल्हा पूर्वी बव्हंशी साताऱ्यातच होता. संस्थाने विलीन झाल्यावर 1949 मध्ये ‘दक्षिण सातारा’ वेगळा निघाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली नाव मिळाले. या जुन्या साताऱ्याच्या सार्वजनिक जीवनात पाटील आडनावाची माणसे एकामागून एक आली. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील हे पायगोंडा पाटलांचे पुत्र. जन्म 1887 मध्ये कुंभोजला, मूळ गाव वाळवा तालुक्यातले ऐतवडे बुद्रुक. 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी संस्था सुरू केली आणि 1924 मध्ये ती साताऱ्यात आणली. एका वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र जेवू लागली, ती या पाटलामुळे.

या नोंदीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे नाव क्रांतिसिंह नाना पाटील यांचे. वाळवा तालुक्यातल्या येडे मच्छिंद्रचे नाना पाटील (1900–1976) प्रतिसरकारचे, म्हणजे इंग्रजी राजवटीला समांतर चालवलेल्या लोकांच्या सरकारचे, नेते म्हणून सर्वश्रुत आहेत. त्यांचे मूळ आडनाव पिसाळ. नाना रामचंद्र पिसाळ हे नाव सांगितले तर आजच्या कृष्णाकाठीही पुष्कळांना ते लगेच उमगणार नाही. सार्वजनिक कामात उतरण्यापूर्वी ते काही काळ तलाठी होते आणि 1943 नंतर त्यांच्या प्रतिसरकारने गावोगावी न्यायदान मंडळे उभी करून तंट्यांचे निवाडे केले. चावडीतला निवाडा गावसभेकडे नेणाऱ्या माणसाला लोकांनी पदाच्या जुन्याच नावाने आपले म्हटले.

त्यानंतरच्या पिढीत पद्माळ्याचे वसंतदादा पाटील 1977 आणि 1983 मध्ये मुख्यमंत्री झाले. 24 जुलै 1943 रोजी साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून ते बाहेर पडले होते. कासेगावचे राजारामबापू पाटील, अंजनीचे आर. आर. आबा पाटील ही याच मुलखातली. या नावांत एक गोष्ट लक्षात येते. लोक त्यांना दादा, बापू, आबा म्हणतात. पाटील म्हणत नाहीत. जिथे सगळेच पाटील, तिथे माणूस वेगळा ओळखायला नात्याचा शब्दच कामी येतो. गावातही तसेच चालते: माळावरचे पाटील, मळ्यातले पाटील, खालच्या आळीचे पाटील, आणि त्या प्रत्येकात एखादे तात्या किंवा आण्णा.

बोलण्यात पाटील या शब्दाचे रूप बदलते. ‘पाटलाचा वाडा’, ‘पाटलांची पोरगी’, ‘पाटलीणबाई’ अशी रूपे पदाच्या काळापासून चालत आली आणि आडनावालाही तीच लागली. कागदावर मात्र ‘पाटील यांचा वाडा’ असे लिहितात. एकाच घराचे हे दोन उच्चार एकाच दिवशी एकाच तोंडून ऐकू येतात.

लग्न ठरवताना सुरुवातीचाच प्रश्न पुन्हा येतो. पाटील मुलगी पाटील घरात देता येते का, असे परगावचे लोक विचारतात. येते, कारण आडनाव सारखे असले तरी कुळ वेगळे असते. एका गावचे पाटील मूळचे चव्हाण, पलीकडच्या गावचे मोहिते, त्याच्या पुढचे माने. मराठा घरांत मूळ आडनाव आणि देवक जुळवून पाहतात, कळंब की पंचपल्लव याची चौकशी होते, आणि मगच बैठक ठरते. हे मूळ आडनाव पुष्कळांच्या आधार कार्डावर नाही, दाखल्यावर नाही, सातबाऱ्यावरही नाही. ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते, आणि कोणी विचारले की ते सांगतात.