स्पिरिटचा बर्नर आणि तांब्याचे काम

रॉकेलच्या स्टोव्हला पंप लागतो, पिन लागते, आणि तो पेटवण्याआधी स्पिरिटात भिजवलेला काकडा लावून बर्नर तापवून घ्यावा लागतो. स्पिरिटच्या जुन्या बर्नरमध्ये यातले काहीच नसते. तांब्याची किंवा पितळेची, तळव्यात मावेल एवढी गोल डबी, मधोमध उघडे तोंड आणि कडेला बारीक भोकांची एक रांग, एवढाच त्याचा सारा संसार. तरीही तो इंधनाची वाफ स्वतःच तयार करतो आणि ज्योत बराच वेळ जवळपास एकसारखी ठेवतो. हे काम धातूची भिंत करते, आणि म्हणून कोणता धातू वापरला आहे हा प्रश्न येथे दिसण्यापुरता राहत नाही.

अशा बर्नरला एकात एक बसवलेल्या दोन भिंती असतात. त्यांच्यामधल्या अरुंद फटीत स्पिरिट केशाकर्षणाने वर चढते, आणि काही बर्नरमध्ये याच फटीत वातही बसवलेली असते. पेटवल्यावर आधी फक्त मधल्या तोंडातून संथ ज्योत निघते. मग कड तापते, ती उष्णता भिंतीतून खाली उतरते, फटीतले स्पिरिट उकळू लागते आणि कडेच्या भोकांतून एकेक करून निळ्या जिभा फुटतात. हा क्षण जवळून पाहण्यासारखा असतो, कारण बर्नर स्वतःच्या पायावर उभा राहिला आहे हे त्यातून कळते.

त्यासाठी ज्योतीला फार मोठा वाटा परत द्यावा लागत नाही. स्पिरिट म्हणजे मुख्यतः इथेनॉल, आणि एक किलो इथेनॉल जळताना सुमारे २७,००० किलोज्यूल उष्णता मिळते, तर तेवढेच इथेनॉल तापवून त्याची वाफ करण्यासाठी हजाराच्या आतबाहेर किलोज्यूल पुरतात. म्हणजे शंभरातले जेमतेम चार भाग इंधनाकडे परतले तरी चक्र चालू राहते. इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे डबीत द्रव शिल्लक असेपर्यंत त्याला टेकलेला धातू त्या तापमानाच्या फार वर जात नाही. जुन्या बर्नरचे डाख दिलेले जोड इतकी वर्षे टिकले त्याचे एक कारण हे आहे. मऊ डाख दोनशे अंशांच्या आतच वितळू शकतो, म्हणून कोरडा पडलेला बर्नर ज्योतीखाली राहू देणे त्याच्या जिवावर बेतते.

तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन आहे, पितळेची साधारण ११० ते १२०, आणि स्टेनलेस स्टीलची अवघी १५ च्या आसपास. हे आकडे पाहून तांब्याचाच बर्नर सर्वांत चांगला, असे वाटणे साहजिक आहे, पण माझ्या मते हा निष्कर्ष घाईचा आहे. तांबे उष्णता चटकन आणते तशी ती चटकन नेतेही, त्यामुळे थंड दगडावर किंवा ओल्या मातीवर ठेवलेला बर्नर तळातून ती गमावत राहतो. उलट उन्हाळ्यात परतणारी उष्णता वाढली की वाफ गरजेपेक्षा जास्त होते, ज्योत भांड्याच्या बाजूने वर पळते आणि इंधन वाया जाते. पितळ मधल्या मापाचे आहे, शिवाय तांब्याहून कडक असल्याने त्यावर झाकणाचे आटेही नीट टिकतात. स्वीडनमधल्या ट्राँग्सविकेन गावी १९२५ साली सुरू झालेल्या ट्रँगिया कंपनीचा प्रसिद्ध बर्नर पितळेचाच आहे. १९५१ मध्ये आलेल्या त्यांच्या स्टोव्हमध्ये बर्नरभोवती वारा अडवणारे कवच आले. माझ्या दृष्टीने धातूच्या निवडीपेक्षाही ही सुधारणा मोलाची होती, कारण उघड्यावर उष्णतेची सर्वांत मोठी चोरी वारा करतो.

एक लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास सुमारे ३३५ किलोज्यूल लागतात. हिशेबाने तेवढ्यासाठी १७ मिलिलिटर स्पिरिट पुरावे, पण प्रत्यक्षात आडोसा असूनही ३० च्या आसपास लागते. किलोमागे रॉकेल दीडपटीहून अधिक उष्णता देते, आणि लांबच्या मोहिमेत हा फरक पाठीवर जाणवतो. नॉर्वेचे शोधप्रवासी फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी १८८८ मध्ये ग्रीनलँड ओलांडताना स्पिरिटचा स्टोव्ह नेला होता, तर १८९३ च्या ध्रुवीय मोहिमेत त्यांनी रॉकेलचा प्रायमस स्टोव्ह घेतला. एका रात्रीच्या मुक्कामाला मात्र बिघडण्यासारखा एकही भाग नसलेला बर्नर आजही पुरेसा आहे.

इंधनात दहा टक्क्यांपर्यंत पाणी मिसळले तर भांड्याला काजळी कमी धरते. पाणी याहून वाढले की वाफेसाठी लागणारी उष्णताही वाढते आणि साध्या बर्नरला ते झेपत नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांच्या पुढाकाराने निम्मे पाणी असलेल्या इथेनॉलवर चालणारी शेगडी तयार झाली, तेव्हा तिची रचना वेगळीच करावी लागली.

सह्याद्रीत मार्गशीर्षापासून पुढे गवत वाळलेले असते, आणि स्पिरिटची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. म्हणून बर्नर विझला असे वाटून बाटलीतून पुन्हा ओतणे हा सर्वांत मोठा धोका आहे. झाकण ठेवून ज्योत कोंडावी, धातू हाताला गार लागेपर्यंत थांबावे आणि मगच इंधन भरावे.

जुन्या बाजारातून तांब्याचा बर्नर घेताना त्याच्या झळाळीकडे नव्हे, जोडांकडे पाहावे. तो पाण्याने भरून रात्रभर कागदावर ठेवला की गळती असल्यास सकाळी कळते. जोडालगतची हिरवट पूड हे गंजाचे लक्षण आहे. तोंडाच्या जाळीखाली राखाडी-पांढरा, तंतुमय बोळा दिसला तर तो अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, कारण विसाव्या शतकातल्या अनेक बर्नरमध्ये तो भरलेला असे. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले तर वर्षानुवर्षांनी कर्करोग होऊ शकतो, त्यामुळे तो कोरडा उकरू नये आणि असा बर्नर पेटवण्याऐवजी शोभेपुरता ठेवावा.