रजिस्टर्ड नर्स (पुण्यातलं नर्सिंग करिअर)

रजिस्टर्ड नर्स म्हणजे मान्यता असलेला नर्सिंगचा कोर्स करून राज्याच्या परिचर्या परिषदेच्या रजिस्टरमधे जिचं किंवा ज्याचं नाव लागलंय ती व्यक्ती. नावापुढे आरएन, आरएम लागतं, त्यातला एम मिडवाइफचा, कारण आपल्याकडे बाळंतपणाचं ट्रेनिंग त्याच कोर्समधे होतं. पुण्यात पांढरा ड्रेस दिसला की सरसकट सिस्टर म्हणायची सवय आहे, पण गल्लीतल्या बारक्या दवाखान्यात सलाईन लावणारी ताई बरेचदा सहा महिन्यांचा कसलातरी कोर्स केलेली असते, तिचा हात चांगला असेलही, पण ती रजिस्टर्ड नर्स नव्हे.

रस्ते मुख्य दोन. जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, 3 वर्षांचा डिप्लोमा, बारावी कुठल्याही शाखेतून चालते. बीएस्सी नर्सिंग 4 वर्षांची, त्याला बारावी सायन्स बायोलॉजीसकट लागते, शिवाय सीईटी, आणि डिग्री नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची किंवा एखाद्या अभिमत विद्यापीठाची. जीएनएमवाल्यांना पुढे 2 वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते. अ‍ॅडमिशन घेण्याआधी कॉलेजला मान्यता आहे का ते बघाच, नाहीतर फी भरून रजिस्ट्रेशनच्या वेळी डोक्याला हात. एएफएमसीचं, म्हणजे लष्कराच्या पुण्यातल्या मेडिकल कॉलेजचं वेगळं, तिथे फक्त मुली, नीटचे मार्क लागतात आणि पास झाल्यावर मिलिटरी नर्सिंगमधे लेफ्टनंट म्हणून कमिशन.

पुण्याला हे काम नवं नाही. 1897 च्या प्लेगात रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाई फुले गेल्या. पुढे 1909 ला रमाबाई रानड्यांचं सेवासदन सुरू झालं, आणि तिथल्या बायका, त्यात तरुण विधवाही, ससून हॉस्पिटलला नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या, म्हणजे ज्या काळात विधवेनं घराबाहेर पडणंसुद्धा पेठांमधे खपत नव्हतं त्या काळात परक्या माणसाची जखम धुवायची, हे आज वाचताना साधं वाटतं.

कामाचं म्हणाल तर खरी परीक्षा हँडओव्हरला, म्हणजे शिफ्ट बदलताना. रात्रभर उभी असलेली सिस्टर सकाळी मॉर्निंगवालीला बेडपाशी नेऊन सांगते, चार नंबरला दोन वाजता ताप होता, औषध दिलंय, पण लघवी कमी झालीये, राउंडला सरांना सांग. हे एक वाक्य राहिलं तर संध्याकाळपर्यंत पेशंट आयसीयूत जाऊ शकतो. लोकांना मात्र वाटतं नर्स म्हणजे इंजेक्शन, फार तर म्हाताऱ्या हातावर पहिल्या टोच्यात व्हेन सापडली की कौतुक.

सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्सला अधिपरिचारिका म्हणतात, वर परिसेविका, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज, मग मेट्रन. पगार, सुट्ट्या, पेन्शन बघता सगळ्यांचा डोळा तिकडेच, पण जागा निघतात कधी आणि भरतात कधी देव जाणे. प्रायव्हेटमधे नोकरी पटकन लागते, सुरुवातीचा पगार ऐकून घरचे गप्प होतात, ब्रदर लोकांना, म्हणजे पुरुष नर्सना तर लग्न जमवताना अजून समजावून सांगावं लागतं. रजिस्ट्रेशन दर 5 वर्षांनी रिन्यू करायचं असतं, त्यासाठी कार्यशाळांचे क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात आणि ते नेमके नाईटनंतरच्या सकाळी असतात.

बाहेर जायचं तर अमेरिकेला एनक्लेक्स ही तिथली लायसन्सची परीक्षा, जर्मनीला साधारण बी-टू लेव्हलपर्यंत जर्मन भाषा. त्यामुळे हल्ली नाईट ऑफच्या दिवशीही पुस्तक सुटत नाही, डेर, डी, दास पाठ करत बसायचं.